मग डाकारचं काय करायचं?

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने कुणा सत्ताधीशाविरुद्ध वॉरंट काढलं की आपल्याकडे एक युक्तिवाद ठरल्यासारखा ऐकू येतो. गंमत अशी की डावे आणि उजवे दोघेही तो जवळपास त्याच शब्दांत मांडतात. पुतिन यांच्याविरुद्ध मार्च २०२३ मध्ये वॉरंट निघालं तेव्हा अमेरिकेने ते योग्य ठरवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेतान्याहू यांच्याविरुद्ध निघालं तेव्हा त्याच अमेरिकेने संताप व्यक्त केला, आणि पुढच्या वर्षी न्यायालयाच्या मुख्य अभियोक्त्यावर, मग न्यायाधीशांवरही निर्बंध लादले. २००३ मध्ये इराकवर चाल करून जाणाऱ्या बड्यांपैकी कुणालाही हेगची पायरी चढावी लागली नाही. तेव्हा, हा युक्तिवाद सांगतो, आंतरराष्ट्रीय न्याय हे थोतांड आहे, बळी तो कान पिळी हाच जगाचा खरा कायदा आहे, आणि भारत या न्यायालयाच्या बाहेर राहिला हे शहाणपणच झालं.

यातल्या घटना सगळ्या खऱ्या आहेत. निष्कर्ष मात्र त्यांतून निघत नाही. तो निघण्यासाठी आणखी एक गोष्ट गृहीत धरावी लागते, ती म्हणजे हे यंत्र नेहमी बलाढ्यच चालवतात आणि दुबळ्यांच्या हाती ते कधी लागतच नाही. हे गृहीतक तपासायला एक खटला पुरेसा आहे. तो हेगमध्ये चालला नाही, सेनेगलची राजधानी डाकार इथे चालला. आपल्याकडच्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

हिसेन हाब्रे जून १९८२ मध्ये चाडची राजधानी एन्जामेना जिंकून सत्तेवर बसला. लिबियाच्या गद्दाफीला शह द्यायचा म्हणून अमेरिकेने त्याला पैसा आणि शस्त्रं पुरवली होती. फ्रान्सने १९८३ मध्ये आणि पुन्हा १९८६ मध्ये त्याच्या मदतीला सैन्य उतरवलं. जून १९८७ मध्ये रेगन यांनी व्हाइट हाउसमध्ये त्याचं स्वागत केलं. त्याच वर्षांत त्याचे राजकीय पोलिस, डीडीएस या आद्याक्षरांनी ओळखलं जाणारं खातं, आज या जमातीची तर उद्या त्या जमातीची माणसं घराघरांतून उचलत होते. एन्जामेनात फ्रेंच अमदानीतला एक पोहण्याचा तलाव होता. त्यावर स्लॅब टाकून खाली कोठड्या बांधल्या होत्या. हाब्रेच्या पाडावानंतर नेमलेल्या चौकशी आयोगाने १९९२ च्या अहवालात बळींचा अंदाज ४० हजार असा दिला.

डिसेंबर १९९० मध्ये हाब्रेचाच जुना सेनापती इद्रिस देबी याने त्याला हुसकावून लावलं. हाब्रे डाकारला जाऊन राहिला. घर, पैसा, वजनदार मित्र, सगळं होतं. त्याला हात लावावा असं कुठल्याही बड्या राष्ट्राला वाटत नव्हतं; उलट, तो बोलायला लागला तर पंचाईत होईल अशीच बड्यांची स्थिती होती.

वाटलं ते सुलेमान गेंगेंग या माणसाला. चाड सरोवराच्या आयोगातला हा एक साधा हिशेबनीस. १९८८ मध्ये खोट्या आरोपावरून त्याला पकडलं, आणि हाब्रे पळाल्यावर तुरुंगाची दारं उघडली तेव्हा तो सुटला. बाहेर येताच त्याने छळातून वाचलेल्यांची आणि विधवांची संघटना बांधायला घेतली आणि ७९२ जणांच्या जबान्या लिहून काढल्या. हाब्रे गेला असला तरी त्याचे पोलिस अधिकारी नव्या सरकारात मानाने नांदत होते. त्यामुळे त्या जबान्या त्याला वर्षानुवर्षं दडवून ठेवाव्या लागल्या. ऑक्टोबर १९९८ मध्ये लंडनमध्ये चिलीच्या पिनोशेला अटक झाली तेव्हा चाडमधल्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात आलं की माजी हुकूमशहाला परदेशातही पकडता येतं. तिथून ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेचे वकील रीड ब्रॉडी त्यांच्या मदतीला आले, आणि जानेवारी २००० मध्ये डाकारमध्ये फिर्याद दाखल झाली. फिर्यादी म्हणून सात चाडी माणसं आणि त्यांची संघटना.

पुढचा प्रवास चिकट आणि कंटाळवाणा आहे. पण ‘बड्यांचा खेळ’ म्हणणाऱ्यांनी तो पायरी पायरीने वाचावा. फेब्रुवारीत सेनेगली न्यायाधीशाने हाब्रेवर आरोप ठेवले. वसंतात सेनेगलमध्ये अब्दुलाय वाद राष्ट्राध्यक्ष झाले, तपास करणाऱ्या त्या न्यायाधीशाची बदली झाली, आणि जुलैत खटलाच रद्द झाला. कारण काय, तर परदेशात झालेल्या छळाचा खटला चालवण्याचा अधिकार सेनेगलच्या न्यायालयांना नाही. सेनेगलने संयुक्त राष्ट्रांचा छळविरोधी करार १९८६ मध्येच मान्य केला होता, पण देशाच्या कायद्यात तो उतरवलाच नव्हता. हा तपशील लक्षात ठेवावा, पुढे आपल्याच दाराशी तो पुन्हा भेटणार आहे.

मग पीडित बेल्जियमला गेले. तिथे विश्वव्यापी अधिकारक्षेत्राचा कायदा होता. २००३ मध्ये अमेरिकेने दटावल्यावर बेल्जियमने तो कायदा छाटला, नाटोचं मुख्यालय ब्रसेल्समधून हलवण्याची धमकीच तशी होती. पण या प्रकरणाचा तपास आधीच सुरू झालेला असल्याने आणि काही फिर्यादी बेल्जियमचे नागरिक असल्याने ते वाचलं. दरम्यान २००१ मध्ये एन्जामेनात डीडीएसच्या ओसाड मुख्यालयात हजारो कागद जमिनीवर लोळत पडलेले सापडले. कैद्यांच्या याद्या, चौकशीचे अहवाल, मृत्यूचे दाखले. त्यांत १,२०८ कैद्यांच्या मृत्यूची नोंद होती, आणि खुद्द हाब्रेला कैद्यांबद्दल पाठवलेली शेकडो टिपणं होती. हुकूमशहांची कारकुनी अनेकदा चोख असते, हे एक बरं आहे. त्याच वर्षी पीडितांच्या वकील जॅकलिन मूदेना यांच्यावर एन्जामेनात निदर्शनाच्या वेळी हातबॉम्ब फेकला गेला. त्या जखमी झाल्या, आणि पुन्हा कामाला लागल्या.

सप्टेंबर २००५ मध्ये बेल्जियमने वॉरंट काढलं. सेनेगलने हाब्रेला देणं नाकारलं. २००६ मध्ये आफ्रिकी संघाने सेनेगलला ‘आफ्रिकेच्या वतीने’ खटला चालवायला सांगितलं. वाद यांनी आणखी सहा वर्षं चालढकल केली. अखेर २० जुलै २०१२ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने निकाल दिला की सेनेगलने एक तर विनाविलंब खटला चालवावा, नाही तर हाब्रेला सोपवावं. त्याआधी त्याच वर्षी वाद निवडणूक हरले होते. आफ्रिकी संघ आणि सेनेगल यांनी मिळून सेनेगलच्याच न्यायव्यवस्थेत खास न्यायालय उभं केलं. अध्यक्षस्थानी बुर्किना फासोचे न्यायाधीश. २० जुलै २०१५ रोजी सुनावणी सुरू झाली. हाब्रे ओरडला, न्यायालयच मानत नाही म्हणाला, त्याच्या वकिलांनी पाठ फिरवली. न्यायालयाने त्याला नवे वकील नेमून दिले आणि त्यांच्या तयारीसाठी सुनावणी दीड महिना थांबवली. ३० मे २०१६ रोजी मानवतेविरुद्धचे गुन्हे, युद्धगुन्हे आणि छळ यांसाठी जन्मठेप झाली. एप्रिल २०१७ मध्ये अपिलात शिक्षा कायम राहिली, पण त्याने स्वतः केलेल्या बलात्काराचा एक आरोप वगळला गेला, कारण मूळ आरोपपत्रात तो नव्हता. साक्षीदार खोटी ठरली म्हणून नव्हे, केवळ प्रक्रियेसाठी. नाटकी खटल्यात अशी काटेकोरी कुणी पाळत नाही.

आता ‘बलाढ्यांचा खेळ’ हे सूत्र या खटल्याला लावून पाहावं. बलाढ्यांनी हाब्रेला उभं केलं, पोसलं, मिरवलं. त्याला कोठडीत बसवलं ते एका हिशेबनिसाने, काही विधवांनी आणि गरीब देशातल्या वकिलांनी. आणि तेही छळविरोधी करारातल्या एका कलमाला सोळा वर्षं चिकटून राहून. तो करार नसता तर हेगला दाद कशावर मागणार होते? गेंगेंगकडे सैन्य नव्हतं, नकाराधिकार नव्हता, तेल नव्हतं. कायदा थोतांड आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी सांगावं की त्याने दुसरं काय वापरायला हवं होतं.

‘हे सगळं फक्त आफ्रिकेसाठी’ हा पोटआक्षेपही इथेच लंगडा पडतो. डाकारचं न्यायालय आफ्रिकी संघाचं, न्यायाधीश आफ्रिकी, फिर्यादी आफ्रिकी. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडेही युगांडा, काँगो आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक आपापली प्रकरणं स्वतःहून घेऊन गेले होते. आणि रोहिंग्यांवरच्या अत्याचारांबद्दल म्यानमारला २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं ते गांबियाने. नकाशावर शोधावा लागेल एवढा तो देश. आपण म्यानमारचे सख्खे शेजारी, पण तो खटला आपल्याला सुचला नाही.

डाकारच्या मर्यादा झाकायचं मला कारण नाही. त्या न्यायालयाने शेवटी एकट्या हाब्रेला शिक्षा केली. १९८४ मध्ये दक्षिण चाडमध्ये जी कत्तल झाली तेव्हा हाब्रेचा सेनापती होता तो देबी, आणि खटला चालू असताना चाडच्या राष्ट्राध्यक्षपदी होता तोही देबीच. त्याला कुणी प्रश्न विचारला नाही. फ्रेंच किंवा अमेरिकी अधिकारी तर आरोपीच्या पिंजऱ्याच्या आसपासही आला नाही. निकालानंतर अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांनी आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध होता, त्यावर विचार करायला हवा, अशा अर्थाचं निवेदन काढलं, एवढंच. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे डाकारलाही लागू पडलं. पण ही तक्रार पुरती मांडली तर ती काय मागते? देबीवरही खटला हवा होता, रेगनच्या माणसांनाही बोलवायला हवं होतं, असं मागते. म्हणजे न्यायालय जास्त हवं होतं. ‘म्हणून न्यायालयच नको’ असं म्हणणारा माणूस याच तक्रारीच्या आडून हाब्रेलाही घरी पाठवतो.

आपल्याकडे या मंडळींचा लाडका साक्षीदार म्हणजे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या टोकियोच्या खटल्यात सगळे आरोपी निर्दोष ठरवणारं भिन्नमत लिहिणारे एकटे पाल. त्यांचं नाव घेतलं की वाद संपला असं मानलं जातं. जपानी राष्ट्रवाद्यांनी यासुकुनी मंदिराच्या आवारात त्यांचं स्मारक उभारलं. जपानचे तेव्हाचे पंतप्रधान शिंझो आबे २००७ मध्ये भारताच्या संसदेत बोलले तेव्हा त्यांनीही पालांचा गौरव केला. पण पाल नेमकं काय म्हणाले? आक्रमक युद्ध हा गुन्हा युद्ध झाल्यानंतर घडवलेला आहे, तो मागच्या तारखेपासून लावता येत नाही, आणि स्वतः वसाहती राखणारी राष्ट्रं त्यासाठी न्यायाधीश होऊ शकत नाहीत, हे ते म्हणाले. अणुबॉम्बचा प्रश्नही त्यांनी काढला. यातलं बरंचसं पटण्यासारखं आहे. पण नानकिंगमध्ये अत्याचार झालेच नाहीत, असं पाल म्हणत नाहीत. अतिशयोक्तीला जागा ठेवूनही जपानी सैन्याच्या अत्याचारांचा पुरावा भक्कम आहे, असंच ते लिहितात. त्यांचं म्हणणं एवढंच की आरोपीच्या पिंजऱ्यात बसलेल्या या मंत्र्यांनी आणि सेनानींनी ते घडवून आणलं, हे सिद्ध झालेलं नाही. हा पुराव्याच्या कायद्यातला आक्षेप आहे, न्यायालयं मोडीत काढण्याचा जाहीरनामा नव्हे. आणि डाकारमध्ये पालांचा एकही आक्षेप टिकत नाही. तिथे न्यायाधीश जेते नव्हते, गुन्हे मागाहून रचलेले नव्हते, आणि आरोपीपर्यंत पोचणारा कागद त्याच्याच पोलिसांच्या कचेरीत सापडला होता.

भारताच्या भूमिकेबद्दल आपल्याकडे अर्धीच गोष्ट सांगितली जाते. वंशसंहार हा आंतरराष्ट्रीय गुन्हा आहे असं संयुक्त राष्ट्रांनी पहिल्यांदा म्हटलं ते डिसेंबर १९४६ च्या ठरावात, आणि तो विषय आमसभेपुढे आणला क्यूबा, पनामा आणि भारत या तीन देशांनी. म्हणजे ही कल्पना गोऱ्यांनी आपल्या गळ्यात बांधली, हे खरं नाही. जुलै १९९८ मध्ये रोममध्ये फौजदारी न्यायालयाचा करार १२० विरुद्ध ७ मतांनी मंजूर झाला तेव्हा मात्र तटस्थ राहिलेल्या २१ देशांत भारत होता. आपले दोन आक्षेप वजनदार होते. सुरक्षा परिषदेला प्रकरण पाठवण्याचे आणि थांबवण्याचे अधिकार का? अण्वस्त्रं निषिद्ध शस्त्रांच्या यादीत का नाहीत? हे दोन्ही आक्षेप मी आजही मान्य करीन. तिसरा आक्षेप वर्तमानपत्रांत कमी येतो. देशांतर्गत सशस्त्र संघर्षातले गुन्हे या न्यायालयाच्या कक्षेत घेऊ नयेत, असंही आपलं म्हणणं होतं. पहिले दोन आक्षेप बड्या राष्ट्रांकडे बोट दाखवतात. हा तिसरा कुणाला वाचवतो, ते सांगायची गरज नाही. शिवाय हेगचं फौजदारी न्यायालय तेव्हाच दार ठोठावतं, जेव्हा त्या देशाची न्यायालयं खटला चालवू शकत नाहीत किंवा चालवत नाहीत. सार्वभौमत्वाची एवढी काळजी असेल तर उपाय सोपा आहे, खटले घरीच चालवा.

ते घरी चालवता येतात का? वंशसंहारविरोधी करार भारताने १९५९ मध्ये मान्य केला, पण त्यासाठीचा कायदा आजतागायत केला नाही. म्हणजे २००० साली सेनेगल जिथे उभा होता, तिथेच आपण उभे आहोत. १९८४ च्या शीखविरोधी हत्याकांडातल्या सज्जनकुमार प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने १७ डिसेंबर २०१८ रोजी जो निकाल दिला, त्यात हे स्पष्ट लिहिलं आहे. मानवतेविरुद्धचे गुन्हे किंवा वंशसंहार आपल्या फौजदारी कायद्यात नाहीत आणि ही पळवाट तातडीने बुजवायला हवी, असं न्यायालय म्हणतं. सामूहिक हत्यांच्या ज्या मालिकेत न्यायालयाने १९८४ बसवलं, तिच्यात गुजरात २००२ आहे आणि मुंबई १९९३ ही आहे. श्रीकृष्ण आयोगाने सुमारे ९०० मृतांची नोंद केली ती मुंबई. २०२३ मध्ये संसदेने सगळं दंडविधान नव्याने लिहिलं, तेव्हा ही पळवाट बुजवायची आयती संधी होती. भारतीय न्याय संहितेत यातला एकही गुन्हा नाही.

छळविरोधी कराराची कथा तर आणखी लाजिरवाणी. भारताने त्यावर ऑक्टोबर १९९७ मध्ये सही केली. मान्यता अजून दिलेली नाही. लोकसभेने २०१० मध्ये एक विधेयक मंजूर केलं, राज्यसभेने ते प्रवर समितीकडे पाठवलं, आणि २०१४ मध्ये लोकसभा विसर्जित झाल्यावर ते बारगळलं. विधी आयोगाने २०१७ मध्ये आपल्या २७३ व्या अहवालात करार मान्य करा असं सांगून मसुदाही जोडून दिला, आणि असा कायदा नसल्याने परदेशातून आरोपी परत आणणं कठीण जातं, हेही बजावलं. पुढच्याच वर्षी लंडनच्या न्यायालयाने विजय मल्ल्या यांच्या प्रत्यार्पणाच्या सुनावणीत आर्थर रोड तुरुंगातल्या बारा नंबर बरॅकचा व्हिडिओ मागवला, कोठडीत उजेड येतो की नाही ते पाहायला. तेव्हा देशभर संताप झाला. तिथे निकाल आपल्या बाजूने लागला. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने आर्थिक गुन्ह्यांसाठी हव्या असलेल्या एका संरक्षण सल्लागाराला भारताकडे सोपवायला नकार दिला, आणि तिहारमधल्या मारहाणीचा व खंडणीचा धोका हे त्याचं एक कारण होतं. करारापासून दूर राहिल्याने सार्वभौमत्व राखलं जातं असं म्हणतात. इथे तर आपला आरोपी आपल्यालाच परत मिळेना.

उरला शेवटचा आणि सगळ्यात गंभीर आक्षेप, की एवढं करून मिळालं काय? हाब्रे ऑगस्ट २०२१ मध्ये कोरोनाने मेला. शिक्षेची जेमतेम पाच वर्षं झाली होती. अपील न्यायालयाने ७,३९६ पीडितांना ८,२०० कोटी सीएफए फ्रँक भरपाई ठरवली होती. हाब्रेच्या मालमत्तेतून तिचा किरकोळ हिस्साही निघण्यासारखा नव्हता, आणि आफ्रिकी संघाचा भरपाई निधी वर्षानुवर्षं कागदावरच राहिला. पैशाची वाट पाहत अनेक जण मेले. हे सगळं खरं आहे, आणि संतापजनक आहे.

पण हिशेब पुरता मांडायचा तर दुसरी बाजूही लिहावी लागते. डाकारचा खटला येतोय असं दिसल्यावरच चाडला आपल्या घरातले जुने गुन्हेगार आठवले आणि मार्च २०१५ मध्ये एन्जामेनातल्या न्यायालयाने डीडीएसच्या वीस जणांना दोषी ठरवलं. पंचवीस वर्षं मानाने फिरणारी ही माणसं होती. डाकारच्या न्यायालयात ज्या बायकांनी लष्करी छावणीतल्या लैंगिक गुलामगिरीबद्दल सांगितलं, त्यांनी त्याआधी ते स्वतःच्या घरातही सांगितलं नव्हतं. आणि भरपाईसाठी पीडित एन्जामेनात वर्षानुवर्षं मोर्चे काढत राहिले, तेव्हा २०२४ मध्ये चाडच्या सरकारने थोडी का होईना रक्कम वाटायला घेतली. ते मोर्चे दयेच्या अर्जासाठी नव्हते. हातात दोन न्यायालयांचे निकाल होते, आकड्यांसकट. वसुली अजून बाकी आहे, पण ज्याच्याकडे निकालच नाही त्याने वसुली कसली मागायची?